हिप्परग्याचे हेडमास्तर

धाराशिव जिल्ह्यात, आज लोहारा तालुक्यात मोडणारे हिप्परगा हे एक लहानसे गाव आहे. नकाशावर ते शोधून काढावे लागते. तथापि मराठवाड्याच्या इतिहासात या गावाचे नाव आदराने घेतले जाते. आणि ते एखाद्या किल्ल्यामुळे किंवा लढाईमुळे नव्हे, तर एका शाळेमुळे. त्या शाळेत १९२९ साली एक तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. हाच तरुण पुढे संन्यासी झाला, हैदराबाद संस्थानातील जनतेचा नेता झाला, आणि तरीही अखेरपर्यंत अंतःकरणाने शिक्षकच राहिला. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळाची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. धाराशिव या प्राचीन नगराचे नावही निजाम उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद असे झाले होते. ते जुने नाव २०२३ साली पुन्हा रूढ झाले. संस्थानात मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा फार मोठी होती. परंतु राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे सारे शिक्षण देण्याचा तो उपक्रम धाडसाचा होता, यात संशय नाही. परंतु मराठवाड्यातील खेड्यातून येणाऱ्या मुलाला ती भाषा परकीच होती. पदवीपर्यंत शिकावयाचे, तर त्याला घरदार सोडून हैदराबाद गाठावे लागे. सभा भरवावयाची तर परवानगी, खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी, असा तो अमल होता. आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडण्याचा साधा हक्कही प्रजेला नव्हता. मग विद्यार्थ्यांना तो कोठून असणार?

अशा काळी ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांचा जन्म झाला. हेच पुढील काळातील स्वामीजी. त्यांचे शालेय शिक्षण सोलापुरास चालू असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. ती वार्ता ऐकून साऱ्या महाराष्ट्रावर शोककळा पसरली. व्यंकटेश तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले. लहान वयात घेतलेली व्रते पुष्कळदा वयाबरोबर विरून जातात. परंतु हे व्रत शेवटच्या श्वासापर्यंत टिकले.

लवकरच असहकारितेची चळवळ सुरू झाली. सरकारी शाळा सोडून राष्ट्रीय शिक्षण घ्यावे, अशी हाक देशभर उठली. व्यंकटेशांनी ती हाक मानली. सोलापूर, अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय संस्थांत त्यांनी पुढील शिक्षण घेतले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात लोकशाहीचा विकास हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला व एम्. ए. ची पदवी मिळविली. जेथे लोकशाहीचा मागमूस नव्हता, अशा संस्थानात ज्याला आयुष्य घालवावयाचे होते, त्याने अभ्यासासाठी हाच विषय निवडावा, हे विशेष होय. पुढे त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काम केले. गिरणीतील मजूर एकत्र येऊन आपली संघटना कशी उभारतात, तिचा कारभार कसा चालवितात, आपली मागणी शिस्तीने कशी मांडतात, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले. लोकशाही ही केवळ ग्रंथांत वाचावयाची वस्तू नसून दररोज आचरावयाची गोष्ट आहे, हा धडा त्यांनी या काळात गिरविला.

पदवी व अनुभव यांच्या बळावर शहरात मानाची नोकरी मिळविणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मात्र हिप्परग्याची वाट धरली. तेथे १९२१ पासून राष्ट्रीय शाळा चालू होती. ती निवासी शाळा होती. गुरुकुलाच्या धर्तीवर शिक्षक व विद्यार्थी एकत्र राहत. संस्थानच्या अमलात, सरकारी मदतीवाचून, लोकांच्या आश्रयावर अशी शाळा चालविणे म्हणजे तारेवरची कसरत होती. शिक्षकांना वेतन असे नाममात्रच. अशा शाळेत व्यंकटराव खेडगीकर मुख्याध्यापक झाले.

निवासी शाळेतील शिक्षकाचे काम घंटेबरोबर सुरू होऊन घंटेबरोबर संपत नाही. वर्गात शिकविणारा तोच, आजारी मुलाच्या उशाशी बसणारा तोच, आणि दोन मुलांचे भांडण मिटविणारा तोच. मुले त्याचे बोलणे थोडे ऐकतात. त्याचे वागणे मात्र दिवसभर पाहतात. तो साधेपणाने राहिला, तर मुले साधेपणा शिकतात. तो हुकूम सोडून स्वस्थ बसला, तर मुलेही तेच शिकतात. राष्ट्रीय शाळांची रीत अशी, की स्वावलंबन हा तेथे एक विषयच मानला जाई. आपले काम आपण करावे, सर्वांच्या सोयीसाठी थोडे झटावे, आपल्या चुकीची जबाबदारी आपण घ्यावी, ही शिकवण रोजच्या व्यवहारातून मिळे. हैदराबाद संस्थानात प्रजेच्या हाती कसलाच कारभार नव्हता. तेथील मुलांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागणे, हे पुढील स्वराज्याचे बीजारोपणच होते.

हिप्परग्यास असतानाच व्यंकटरावांनी संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हणजे लोकांकडे पाठ फिरवून अरण्यात जाणे, अशी सामान्य समजूत आहे. स्वामीजींनी भगवी वस्त्रे धारण केली; परंतु शाळा सोडली नाही. घरसंसाराची उपाधी सुटल्यामुळे त्यांना सारा वेळ विद्यार्थ्यांना देता आला, इतकाच काय तो फरक झाला.

१९३५ साली स्वामीजी हिप्परगा सोडून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले. बाबासाहेब परांजपे यांसारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. येथील योगेश्वरी विद्यालय या मंडळींनी नावारूपास आणले. दूरदूरच्या गावांतील मुले तेथे शिकावयास येऊ लागली. हळूहळू ही शाळा नव्या विचारांच्या तरुणांचे एक केंद्रच बनली.

परंतु शाळेच्या भिंतीबाहेरचे जग स्वस्थ नव्हते. नागरिकांना भाषणाचे, सभेचे व संघटनेचे स्वातंत्र्य मिळावे, जबाबदार राज्यपद्धती यावी, यासाठी संस्थानात जागृती होऊ लागली होती. मराठी जिल्ह्यांत महाराष्ट्र परिषदेचे कार्य सुरू झाले. १९३७ साली परतूर येथे तिचे पहिले अधिवेशन भरले, आणि १९३८ साली लातूर येथे दुसरे. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. परंतु ती रीतसर उभी राहण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली.

आता स्वामीजींपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. एका बाजूस नऊ वर्षे जोपासलेले शिक्षणकार्य होते. दुसऱ्या बाजूस ज्या हक्कांचे शिक्षण आपण मुलांना देतो, ते हक्क मिळविण्याचा लढा होता. शाळेत राहावे, तर शिकविलेले शब्द पोकळ ठरणार. लढ्यात जावे, तर मुलांना मागे सोडावे लागणार. शेवटी स्वामीजींनी शाळेचा भार सहकाऱ्यांवर सोपवला व ऑक्टोबर १९३८ मध्ये हैदराबादेस सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला.

त्यानंतर महिनाभरातच विद्यार्थ्यांची ती प्रसिद्ध चळवळ सुरू झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थी व हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत वंदे मातरम् हे गीत म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी ते गीत म्हणण्यास मनाई केली. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे, की वसतिगृहात आपण कोणती प्रार्थना म्हणावी व कोणता पोशाख करावा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला असावा. वरवर पाहता ही मागणी लहान होती. परंतु तिच्या पोटी एक मोठा प्रश्न दडलेला होता. विद्यापीठातील विद्यार्थी हा केवळ आज्ञा पाळणारा आहे, की त्यालाही स्वतःच्या जीवनाविषयी बोलण्याचा अधिकार आहे? विद्यार्थ्यांनी मनाई मानली नाही. तेव्हा त्यांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढून टाकण्यात आले. पाहता पाहता ही चळवळ संस्थानातील इतर गावांतही पसरली.

विद्यापीठातून नाव कमी होणे म्हणजे काय, हे त्या मुलांच्या घरी जाऊनच समजले असते. कोणाच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून मुलाला हैदराबादेस धाडलेले असावयाचे. कोणी नातेवाइकांच्या आधारावर शिकत असावयाचा. वसतिगृहातील जागा गेली, परीक्षेचा मार्ग बंद झाला, आणि संस्थानात दुसरे विद्यापीठही नव्हते. क्षमा मागून परत यावे, की शिक्षणावर पाणी सोडावे, असा पेच त्या कोवळ्या वयाच्या मुलांपुढे पडला.

या प्रसंगी जे वडीलधारे विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्यांचे स्मरण ठेवले पाहिजे. औरंगाबादेस गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे, स्वतः शिक्षकाचे काम केलेले कार्यकर्ते त्यांना मार्गदर्शन करीत होते. आणि संस्थानाबाहेरून मदतीचा मोठा हात आला तो नागपूर विद्यापीठाचा. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या बहिष्कृत विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाचे दार उघडून दिले. एका विद्यापीठाने घालविलेल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठाने घेणे, ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांनी पूर्वी केलेला अभ्यास मान्य करावा लागतो, त्यांना महाविद्यालयांत जागा द्यावी लागते, त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय पाहावी लागते, आणि वेगळ्या माध्यमातून शिकून आलेल्यांना सांभाळून घ्यावे लागते. अशी कामे वर्तमानपत्रांत गाजत नाहीत. परंतु विद्यार्थ्याचे आयुष्य त्यांच्यावरच तरते. नागपुरास आलेल्या या विद्यार्थ्यांपैकी एक पां. वें. नरसिंह राव होते. पुढे ते स्वामीजींचे निष्ठावंत अनुयायी बनले व १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले.

विद्यार्थी एखाद्या न्याय्य गोष्टीसाठी उठून उभे राहतात, तेव्हा शिक्षकापुढे दोन सोप्या वाटा असतात. धाक घालून मुलांना गप्प बसविणे ही एक. आणि त्यांना पुढे ढकलून स्वतः सुरक्षित मागे राहणे ही दुसरी. पहिल्या वाटेने मुले भित्री होतात, दुसरीने ती फसविली जातात. स्वामीजींनी दोन्ही वाटा टाळल्या. विद्यार्थ्यांची परीक्षा सुरू होण्यापूर्वी ते स्वतः तुरुंगाचा दरवाजा ओलांडून गेले होते. म्हणूनच त्यांच्या शब्दाला तरुणांमध्ये मान होता.

यापुढील दहा वर्षे स्वामीजींचा तुरुंगाशी संबंध सुटला नाही. १९४० साली महात्मा गांधींच्या अनुमतीने त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला व पुन्हा कारावास भोगला. १९४२ च्या आंदोलनातही त्यांना अटक झाली. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. पुढील वर्षी जून महिन्यात तिचे अधिवेशन हैदराबादेस भरले, तेव्हा स्वामीजी तिचे अध्यक्ष होते. देश स्वतंत्र होण्याची घटका जवळ आली. परंतु निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. तेव्हा ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतात विलीन होण्यासाठी संस्थानात लढा सुरू झाला. वकिलांनी न्यायालये सोडली. विद्यार्थ्यांनी शाळा व महाविद्यालये सोडली. १५ ऑगस्ट रोजी सारा देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असता स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांची सुटका झाली खरी. परंतु २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले.

या काळात धाराशिव जिल्ह्याने फार सोसले. सोलापूरच्या सरहद्दीला लागून असल्यामुळे येथील तरुणांनी सीमेवरील शिबिरांत राहून लढा चालविला. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले आणि पहिल्याच दिवशी याच जिल्ह्यातील नळदुर्ग त्याच्या ताब्यात आले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगातून मुक्त झाले. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

विजयानंतर सत्तेचा मार्ग स्वामीजींना खुला होता. त्यांचे लक्ष मात्र पुन्हा शिक्षणाकडे वळले. ज्या मुलांनी पुस्तके बाजूस ठेवून लढ्यात उडी घेतली, त्यांच्या भूमीला शिक्षणाचे ऋण फेडून देणे अवश्य होते. मराठवाड्यातील मुलाने शिकण्यासाठी दूरच्या नगरात परक्यासारखे राहावे, ही स्थिती पालटली पाहिजे होती. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व तिच्या वतीने पीपल्स कॉलेज सुरू झाले. स्वामीजी या संस्थेचे प्रमुख आधारस्तंभ होते. महाविद्यालयाचे नावच बोलके आहे. ते कोणा राजाचे वा धनिकाचे नव्हते, लोकांचे होते. याच सुमारास औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. अशा प्रयत्नांतूनच मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही मागणी बळावली व २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी जोडली गेली.

स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद संस्थानाचे भाषेच्या पायावर विभाजन व्हावे, मराठी माणसांनी महाराष्ट्रात, तेलुगूंनी आंध्रात व कानडी जनतेने कर्नाटकात नांदावे, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. १९५६ साली तो प्रत्यक्षात आला. स्वतःचे राजकीय बळ ज्या संस्थानभर पसरले होते, त्याचेच त्रिभाजन मागणे, यात केवढा निःस्वार्थीपणा होता! मंत्रिपदाच्या मागे ते लागले नाहीत. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेस त्यांचे देहावसान झाले. बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे.

पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिदिनीच, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असे नाव देण्यात आले. खेड्यातील शाळेच्या एका मुख्याध्यापकाचे नाव विद्यापीठाला मिळावे, हा शिक्षकवर्गाचाच गौरव होय. १९३८ साली ज्या विद्यार्थ्यांना प्रार्थना निवडण्याचाही हक्क नव्हता, त्यांच्या नातवंडांना आता विद्यापीठाच्या कारभारात स्थान मिळाले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यात विद्यार्थी परिषदेची व विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे, आणि त्या कामी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना साह्य करावे अशी योजना आहे.

परंतु कायदा केवळ चौकट देतो; तिच्यात प्राण ओतणे माणसांच्या हाती असते. वसतिगृहातील पाण्याची तक्रार असो, ग्रंथालयाच्या वेळेचा प्रश्न असो, की शुल्काअभावी शिक्षण सुटू पाहणाऱ्या मित्राची अडचण असो, ती विद्यार्थ्यांनी एकत्र बसून, शांतपणे, हिशेबाने मांडावयास शिकले पाहिजे. आणि शिक्षकाने त्यांचे काम स्वतः न करता, त्यांना ते करता येईल असे बळ दिले पाहिजे. मुलांच्या हाती कारभार द्यावयाचा, त्यांना चुकू द्यावयाचे, पण पडू द्यावयाचे नाही, हे अवघड कौशल्य आहे. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांत स्वामीजींनी नऊ वर्षे हेच काम केले. तेथे घडलेली माणसे पुढे स्वराज्याचे ओझे पेलू शकली, हीच त्या शिक्षणाची कसोटी होय.